तपकिरी पट्टी

हॉस्पिटलात तिला सगळे इन्स्पेक्टरीण म्हणत, आणि ते काही प्रेमाने नव्हे. शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायची आणि डब्यातली कागदी पट्टी कुळकुळीत काळी झाली तरच डबा पुढे द्यायचा, हे तिचं काम. वीस वर्षांत तिने कैक डॉक्टर ताटकळत ठेवले आणि पोटभर बोलणी खाल्ली.

आज ऑपरेशनसाठी बाहेर स्ट्रेचरवर तिचा नवरा होता. आतडं फुटलेलं. ते ऐकलं, आणि जन्मात केली नव्हती ती चूक तिने आज केली. घाईत डबा ठासून भरला. वाफ मधोमध पोचलीच नाही आणि पट्टी निघाली तपकिरी. दुसरा संच आधीच्या पेशंटच्या रक्ताने माखून पडलेला.

"पुन्हा लावते. चाळीस मिनिटं," ती म्हणाली.

"बाई, डोकं ठिकाणावर आहे ना?" डॉक्टर कडाडले. "तेवढा वेळ नाही त्यांच्याकडे. आणा तसाच!"

"आई, बाबा आहेत ते!" लेकीने तिचा दंड गच्च धरला. "आज तरी तुझा शहाणपणा गुंडाळून ठेव!"

स्ट्रेचरवरून नवराही म्हणाला, "अगं, दे ना. माझ्यासाठी."

उभ्या संसारात त्याने तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. द्यावा, असं अगदी मनापासून वाटलं. पण असल्या हत्यारांनी उघडलेलं पोट चार दिवसांनी काय करतं, ते तिने पाहिलं होतं.

"परक्याला दिला असता, तर तुम्हालाही दिला असता हो," ती कशीबशी म्हणाली. त्याने तोंड फिरवलं.

तिने हत्यारं सुटी करून दोन डब्यांत लावली, यंत्र सुरू केलं आणि दाराला आतून कडी घातली. भिंतीपलीकडून त्याचं कण्हणं ऐकू येत होतं. आटप गं बाई, आटप, असं ती त्या यंत्राला विनवत राहिली.

तेहेतिसाव्या मिनिटाला कण्हणं थांबलं. भूल दिली की सगळं संपलं, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. लेक दारावर बुक्क्या मारत होती. उरलेली सात मिनिटं ती भिंतीला कान लावून उभी राहिली.

शिट्टी झाली. तिने दार उघडलं. लेकीने डब्यांवर झडप घातली.

"थांब," ती म्हणाली, आणि दोन्ही पट्ट्या आधी उजेडात धरल्या.