पाण्याचं विरजण

दुपारचे अडीच वाजले होते. आरोही उशीत तोंड खुपसून झोपली होती, बाळाबाई भिंतीला टेकून पेंगत होत्या, आणि अख्ख्या गल्लीत चिटपाखरू हलत नव्हतं. एवढ्यात मोरीत नळाखाली उपडी घातलेली परात टण् करून वाजली. पुन्हा टण्. मग नळाला खोकल्याची उबळ आली.

वैजयंती ताडकन उठली. पाच दिवसांनी पाणी आलं होतं.

जुळे सोलापुरात पाणी आलं की हातातलं काम हातात राहत नाही. उरलेलं शिळं पाणी कुंड्यांना, फरशीला ओतून द्यायचं, घागरी-पिंपं घासायची आणि ताजं भरून घ्यायचं. मंद्रूपहून लेकाकडं राहायला आलेल्या बाळाबाईंनी हा नेम इतका अंगी बाणवून घेतला होता, की नवं पाणी आल्यावर आधीचं तांब्याभर पाणीही त्यांना उष्ट्यासारखं वाटे. सुनेलाही तीच सवय. म्हणून तर आरोहीच्या पाचव्या वाढदिवसाला तिच्या बाबानं, अजिनाथनं, काचेची टाकी आणि सहा गप्पी मासे आणले, तेव्हा वैजयंतीनं मायेपोटी माशांनाही हाच नेम लावला. पाण्याच्या दिवशी टाकी जवळजवळ रिकामी करायची, काच लखलखीत पुसायची आणि नळाचं ताजं फुरफुरीत पाणी भरायचं.

आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. सुरुवातीला निभावलं. उन्हाळा लागला तसं पाण्याच्या दिवशी संध्याकाळी मासे वर येऊन आ वासायला लागले, सकाळी एखादा उलटा तरंगायचा. चार मासे असे गेले. उरले एक नर आणि एक मादी. मादीचं पोट टम्म फुगलेलं, म्हणून आरोहीनं तिचं नाव ठेवलं फुगी. सगळी गल्ली पाण्याची वाट बघत असताना ही एवढीशी पोर देवापुढं हात जोडून म्हणाली होती, देवा, पाणी नको येऊ दे.

ते ऐकलं आणि मागच्या पाण्याच्या आदल्या दिवशी वैजयंती तडक माशांच्या दुकानात गेली. दुकानदार बसवराज औषधाची बाटली काढायला वळला आणि मध्येच थांबला. पाणी कधी बदलता, किती बदलता, असं दोनचारदा खोदून विचारलं. मग त्यानं बाटली परत ठेवली आणि तपासणीची पेटी पुढं सरकवली. टाकीचं नको, म्हणाला, आधी नळाचं तपासा.

तिनं दुसऱ्या दिवशी पाणी येताच तपासलं. काचेच्या नळीत पाणी, त्यात दोन बाटल्यांतले मोजून थेंब, पाच मिनिटं कळ काढायची, आणि रंग सोबतच्या कार्डाशी ताडून बघायचा. पिवळा म्हणजे ठीक. हिरवा म्हणजे अमोनिया. टाकीतलं शिळं पाणी निघालं पिवळं. आणि नळाचं ताजं, ज्यासाठी ती जीव टाकत होती, ते हिरवंगार. ती नळी हातात धरून मोरीतच खाली बसली. आपणच मारत होतो की त्यांना.

तिनं तिथूनच फोन लावला, तेव्हा बसवराजनं समजावलं, की पाण्यात औषध, म्हणजे क्लोरीन, मारलेलं असतं, कधी त्यातून, कधी मुळातूनच थोडा अमोनिया येतो. आपल्याला तेवढ्यानं काही होत नाही, मासे मात्र त्यातच श्वास घेतात. नुसतं साठवून ठेवलं तर तो जात नाही. पण टाकीच्या फिल्टरमधल्या मळक्या स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, ते अमोनियावरच जगतात. वेगळ्या पिंपात पाणी भरा, क्लोरीन घालवायचे थेंब घाला, मग तो स्पंज आणि हवेचा पंप सोडा, चारपाच दिवस द्या. काम ते करतील.

तिनं कात्रीनं स्पंजाचे दोन तुकडे केले. एक टाकीत ठेवला, एक पिंपासाठी. खरी पंचाईत पिंपाची होती. घरात तीन पिंपं, पाच दिवसांचा संसार त्यांच्यावर, आणि त्यातलं एक माशांना. बाळाबाई पिंपात डोकावून म्हणाल्या, "चांगल्या पाण्यात घाण बोळा टाकलास व्हय गं?"

वैजयंतीनं जंतू, अमोनिया, जमेल तसं सांगून बघितलं. बाळाबाईंनी पदर खोचला, वाकून पुन्हा बघितलं.

"म्हंजी इरजण लावलंय की तू," त्या म्हणाल्या. "आदी सांगायचं न्हाई का. मग हलवू नगंस आता."

तेव्हापासून पिंपावर सुती फडकं बांधलं गेलं, आणि अजिनाथनं अंघोळीला त्यातलं तांब्याभर घेऊ का विचारलं तेव्हा आईनं त्याच्याकडं असं बघितलं, की बिचारा कोरडाच बाहेर आला.

आज त्या गोष्टीला पाच दिवस झाले होते. वैजयंतीनं पळत जाऊन पाईप नळाला लावला, तोवर आरोही डोळे चोळत उठून बसली आणि टाकीकडं बघत म्हणाली, "आलं का पाणी?"

टाकीत फुगी कोपऱ्यात, तळ धरून बसली होती. दोन दिवस खात नव्हती. बसवराज म्हणाला होता, की पोट असं चौकोनी दिसायला लागलं की बाळंतपण जवळ. पण पाणी मानवत नसेल तर अडते, दगावतेही. आणि उन्हानं टाकीतलं पाणी चार बोटं खाली गेलेलं. आज पाणी घालावंच लागणार होतं.

घागरी भरायच्या, पिंपातलं पाणी तपासायचं, पोरीला धरायचं. नळ जेमतेम दोन तास चालणार. ती एका पायावर नाचत असताना बाळाबाईंनी तिच्या हातातला पाईप काढून घेतला.

"घागरीचं मी बगते. तू जा, तुज्या बाळंतिणीकडं बग."

वैजयंतीनं पिंपाचं फडकं सोडलं. पाण्याला वास नव्हता, तळ दिसत होता. नळीत थेंब टाकताना मोजणी चुकली, पाणी फेकून पुन्हा केलं. पाच मिनिटं. आरोही मोबाईलवरचे आकडे मोठ्यानं वाचत होती, बाहेर शेजारणींच्या बादल्या आपटत होत्या. चौथ्या मिनिटाला वैजयंतीला रंग हिरवट भासला. ती खिडकीपाशी गेली, कार्डाचा पांढरा भाग मागं धरला.

पिवळा. हळदीसारखा स्वच्छ पिवळा.

तिनं आरोहीला उचलून गरकन फिरवलं. बाळाबाई पाईप तसाच सोडून बघायला आल्या आणि मोरीभर पाणी झालं; इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी वाया गेलेल्या पाण्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

सगळी टाकी बदलायचा मोह तिनं आवरला. मगानं, काचेच्या कडेनं, धार लागणार नाही असं, एक बादलीभर पाणी सोडलं. मग तिघी टाकीपुढं फतकल मारून बसल्या. फुगी जागची हलेना. नर एक फेरी मारून आला. घटकाभरानं फुगीनं शेपूट झटकलं, वर आली. आ वासायला आली की काय, म्हणून वैजयंती काचेशी वाकली. फुगी वरून वळली आणि टाकीतल्या पाणवनस्पतीच्या गच्च पानांत शिरली.

नळ गेला, चहा झाला. सहाच्या सुमाराला आरोहीची हाक आली, पण दबक्या आवाजात, जणू कुणी झोपलंय. पानांच्या मधे एक टिंब हलत होतं. टिंबाला दोन डोळे होते. मग दुसरं. बाळाबाईंनी चष्मा आणला आणि अकरापर्यंत मोजून, "एकालाच दोनदा मोजलं वाटतं," म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वैजयंतीला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही थांबेना.

मोठ्या माशांनी गिळू नयेत म्हणून पिल्लं वेगळी ठेवायला ती जाळी शोधत होती, तेव्हा आरोही काचेला नाक लावून पिल्लं बघत होती. मग वळली.

"आई, आपण नळीत बघितलं म्हणून आपल्याला कळलं. पण फुगीला कसं कळलं गं, की आता बाळं आणायला हरकत नाही?"