पुढच्या गटातली अकरा मुलं

बंगळूरमधल्या बेळ्ळंदूरजवळच्या एका सरकारी शाळेत कृष्णवेणी एकवीस वर्षं शिकवत होत्या. घरी मराठी, वर्गात कन्नड. गेल्या जूनमध्ये तिथे नवी योजना आली. रोज एक तास इयत्ता विसरायची आणि ज्याला जितकं वाचता येतं त्याप्रमाणे मुलांचे गट करायचे. पुढच्या आणि मागच्या मुलांमधलं अंतर कमी व्हावं, हा हेतू. ते मोजायला एका संस्थेनं सुखदाला नेमलं. ती पुण्याहून येऊन वर्षच झालं होतं.

पाचवीतली शिल्पाश्री अक्षरांच्या गटात गेली, दुसरीच्या मुलांबरोबर. लाजेनं ती आठवडाभर भिंतीकडे तोंड करून बसली. कृष्णवेणींनी तिला वळायला सांगितलं नाही. स्वतःची खुर्ची भिंतीपाशी नेली आणि तिथून शिकवलं.

फेब्रुवारीत सुखदा लॅपटॉप घेऊन आली. "अक्का, अंतर निम्म्यावर आलंय. अधिकाऱ्यांच्या बैठकीत तुमची शाळा आदर्श म्हणून दाखवणार आहेत."

कृष्णवेणींनी हजेरीपट उघडला. "पुढच्या गटातली अकरा मुलं दसऱ्यानंतर इंग्रजी शाळेत गेली. पुढे फारसं कुणी उरलंच नाही."

सुखदानं एकेक नाव ताडून पाहिलं. "म्हणजे उरलेली पुढची मुलंही गेली असती तर..."

"अंतर शून्य," कृष्णवेणी म्हणाल्या. "चहा घेणार?"

सुखदानं चहा घेतला आणि गेलेल्या मुलांना जूनच्या आकड्यांतूनही वगळून पुन्हा हिशेब केला. अंतर जवळपास जूनइतकंच होतं. मागची मुलं बरीच पुढे आली होती, पण पुढचीही थांबली नव्हती. संस्थेतल्या साहेबांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "डेटा बरोबर आहे ना? मग कारणात कशाला शिरतेस?"

ती रात्रभर चिडलेली होती. बैठकीत तिनं दोन्ही आकड्यांचे तक्ते मांडले. मग एका अधिकाऱ्यानं पहिला तक्ता परत दाखवायला सांगितला. तो जास्त सुबक होता.

शाळेचं नाव आदर्श यादीतून गेलं. सुखदाला दुसऱ्या कामावर टाकलं. नव्या वर्षी योजनाही बंद झाली. कृष्णवेणींनी वेळापत्रकात त्या तासापुढे 'वाचन' लिहिलं आणि ते मुख्याध्यापक बसवंतांपुढे ठेवलं.

"हे बंद झालं ना, अक्का?"

"योजना बंद झाली. मुलं येतायत."

"सरी, बरं," म्हणून बसवंतांनी सही केली.

जुलैत शिल्पाश्रीनं एक पानभर गोष्ट न अडखळता वाचली. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. योजनेच्या पुस्तिकेत एवढ्याच पायऱ्या होत्या.

"आता पुढचा गट कुठला?" तिनं विचारलं.

कृष्णवेणींनी पुस्तिका चाळली. मागचं पान कोरं होतं. त्या उठल्या आणि ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली शोधायला गेल्या. ती सापडायला दोन दिवस लागले.