युफेमिया गॅरोची कादंबरी

डेझमंड ऑर्चिस्टन पुस्तकं वाचत नाहीत, हे मला एका कुत्र्यामुळे कळलं.

मी टिमरूत, जगाच्या दक्षिण टोकाकडच्या एका बंदराच्या गावात, जनावरांच्या दवाखान्यात सकाळी पुढच्या टेबलावर बसते आणि दुपारी घरी इतिहासाची पदवी करते. दूरशिक्षणानं, एका सत्रात एकच विषय. सातवं वर्ष चालू आहे. "अजून चालूच आहे का गं?" असं लोक विचारतात, एखाद्याचा जुना खोकला विचारावा तशा सुरात. उरलेला वेळ पुस्तकांचा. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात कुत्रा असला तर त्याचं मी एक कार्ड करते: नाव, जात, पान क्रमांक, शेवटी जगतो की मरतो. चारशे बारा कार्डं झालीत. दोनशे एकोणचाळीस मेले. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. पांढरा चेंडू काठीनं बिळात ढकलणाऱ्यांना या गावात कोणी हसत नाही.

महिन्यातून एका शनिवारी दुपारी चर्चमागच्या सभागृहात वाचनमंडळ भरतं. ऑर्चिस्टन निवृत्त मुख्याध्यापक, म्हणून अध्यक्ष. केल्विन दातांचा डॉक्टर, त्यांचा जुना विद्यार्थी. पन्नाशी उलटली तरी त्यांना 'सर' म्हणतो आणि त्यांची वाक्यं वहीत उतरवून घेतो. रोझली फाइफ आल्याचा केक आणते आणि जो शेवटी बोलला त्याच्याशी सहमत होते. कोपऱ्यात हीटरला चिकटून ऐंशीच्या लस्कबाई. वर्षभरात त्यांच्या तोंडून मी "साखर दोन" याखेरीज काही ऐकलं नव्हतं. केकसाठी येतात, असं मी ठरवून टाकलं होतं.

मार्चमध्ये दीपगृहाच्या रखवालदारावरची एक कादंबरी होती. तिच्यात कुत्रा नाही. मी मुद्दाम शोधला होता. चहाच्या वेळी सहज खडा टाकला, "त्या काळ्या कुत्र्याचं मरण मात्र लेखिकेनं घाईत उरकलं, नाही?"

ऑर्चिस्टननी कप खाली ठेवला. "घाई नव्हे, फेनेला. संयम. तो कुत्रा म्हणजे रखवालदाराचं अपराधी मन."

केल्विननं लिहून घेतलं.

तेव्हाही मी गप्प बसले असते. पण एप्रिलमध्ये एका पुस्तकात तारायंत्र दहा वर्षं आधीच गावात पोचलं होतं, ते मी दाखवलं. ऑर्चिस्टन सगळ्यांकडे पाहत म्हणाले, "ही आमची अर्धवेळ विद्यार्थिनी. उरलेला अर्धा वेळ ती आम्हाला शिकवते." रोझली इतकी हसली की तिच्या मांडीवर केकचा चुरा सांडला. केल्विननं हेही लिहून घेतलं असावं.

मला पुस्तकं बांधता येतात. स्वयंपाकघराच्या टेबलावर दाबयंत्र आहे, सुया आहेत, सरसाचं भांडं आहे. जेवण मी मांडीवर ताट घेऊन करते. दवाखान्यानं टाकून दिलेलं एक जुनं पुस्तक घरी आणलं. मेंढ्यांना जंतांचं औषध कसं पाजावं, याचं. त्याची पानं उसवली, नव्यानं शिवली, राखाडी कापडाचा पुठ्ठा चढवला, चहाच्या पाण्यानं कडा पिवळ्या केल्या. कण्यावर सोनेरी अक्षरं ठोकली: 'वाऱ्याकडे पाठ', युफेमिया गॅरो. दोन आठवडे गेले. त्याच दोन आठवड्यांत मला जमिनीच्या कायद्यांवरचा निबंध लिहायचा होता. तो मी एका दुपारी उरकला आणि काठावर पास झाले. सातव्या वर्षी माणसाला एवढी लाज राहत नाही.

मेच्या बैठकीत मी ते पुस्तक हातभर लांबून दाखवलं. "जुन्या सामानात मिळालं. गॅरो तुम्ही सगळ्यांनी वाचलीच असेल."

ऑर्चिस्टन हळूच म्हणाले, "युफेमिया गॅरो! कॉलेजात असताना एका रात्रीत संपवलं होतं. माझी प्रत कोणीतरी नेली ती नेलीच."

"माझ्या आईकडे होतं हे," रोझली म्हणाली.

"सर, तुम्हीच वर्गात सांगितलं होतंत ना यातलं?" केल्विन म्हणाला.

"सांगितलं असेन."

पुढच्या महिन्यात गॅरोवर चर्चा घ्यायची ठरली. एकच प्रत आहे, असं मी म्हणाले, तर ऑर्चिस्टननी हात हलवला. "राहू दे तुझ्याकडेच. खरं पुस्तक मनात राहतं." लस्कबाईंनी मान वर करून विचारलं, "लांबलचक आहे का?" कोणी उत्तर दिलं नाही. मीसुद्धा नाही.

जूनच्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, त्या शनिवारी बाहेर समुद्रावरून बोचरं वारं येत होतं आणि आत चर्चा रंगली होती. न लिहिलेल्या पुस्तकावर इतकं बोलता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. ऑर्चिस्टन पाऊण तास बोलले. गॅरोची स्त्री वाऱ्याकडे पाठ करते म्हणजे साम्राज्याकडे पाठ करते, म्हणाले. धाकट्या बहिणीवर अन्याय झाला, असं रोझलीचं मत पडलं. बहीण कुठून आली देव जाणे, पण एकदा आली म्हटल्यावर सगळ्यांनी तिला बसायला जागा दिली. केल्विनला शेवट पटला नव्हता.

"तिनं परत यायला नको होतं, सर."

"ती परत येतच नाही, केल्विन. शेवटचा परिच्छेद पुन्हा वाच."

"मी कालच वाचला!"

"मग चष्मा बदल."

मी केक खात होते. इतका गोड केक आयुष्यात खाल्ला नव्हता. वर्षभर ही माणसं माझ्या सातव्या वर्षावर, माझ्या तारखांवर हसत होती. आता ती माझ्या दाबयंत्रातून निघालेल्या हवेवरून भांडत होती. आणखी पाच मिनिटं भांडू द्यावीत, मग पुस्तक उघडून टेबलावर ठेवावं, असा बेत होता.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. "मी नाही बाबा हे वाचलेलं."

लस्कबाई होत्या.

"काही हरकत नाही, नायरी," ऑर्चिस्टन म्हणाले. "तुम्ही ऐका नुसतं."

"तेच म्हणते मी. ऐकायलाच येते मी इथे. डोळे गेलेत माझे, मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. पण तुम्ही लोक पुस्तक कधी वाचतच नाही, पुस्तकाबद्दल बोलता." त्या माझ्याकडे वळल्या. "पोरी, तुझ्याकडे आहे ना ते? वाच की पहिलं पान."

त्यांना माझा चेहरा नव्हे, कडेचा एक कान तेवढा दिसत असावा. हा डाव त्यांच्यासाठी नव्हता. पण पुस्तक मांडीवर होतं आणि सगळे बघत होते. मी उघडलं आणि वाचलं.

"'गाभण मेंढीला औषध पाजण्यापूर्वी बारा तास उपाशी ठेवावे. डोके फार उंच धरू नये, अन्यथा औषध फुप्फुसात जाण्याचा संभव असतो.'"

हीटर तेवढा टकटकत होता.

मग ऑर्चिस्टननी डोळे मिटले. "हाच तो आरंभ," ते म्हणाले. "किती कोरडा! किती धाडसी!"

खरं सांगते, त्या क्षणी मला त्या माणसाविषयी आदर वाटायला लागला होता. इतकं धैर्य मी कुठल्याच कार्डावर नोंदवलेलं नाही.

"धाडसी कसलं डोंबलाचं?" लस्कबाई म्हणाल्या. "हे जंतांच्या औषधाचं पुस्तक आहे. वीस वर्षं मेंढ्यांच्या मळ्यावर स्वयंपाक केला मी. चुलीवरच्या फळीवर असायचं हे. पुढे म्हणतं, दुसऱ्या दिवशी ओल्या गवतात सोडू नये. बघ बरं."

मी पाहिलं. तसंच होतं.

लस्कबाई हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग शिट्टीसारखा श्वास, मग डोळ्यांतून पाणी. दुसरं कोणी हसलं नाही. रोझलीनं केकचं ताट झाकलं, अर्धा केक शिल्लक होता तरी. केल्विन उठला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "हे फार हलकट काम केलंस तू," तो म्हणाला. त्याचा आवाज थरथरत होता. शेवटचा परिच्छेद काल वाचलेला माणूस तो.

ऑर्चिस्टन कोट चढवत होते. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," ते शांतपणे म्हणाले. "ही कुठवर जाते ते पाहत होतो. शिक्षकाला धीर लागतो." केल्विननं सुटल्यासारखा श्वास सोडला. त्याला हे पटलं होतं. रोझलीलाही. सोमवारी मला ईमेल आला: मंडळाच्या सौहार्दाला बाधा आल्यामुळे माझं सदस्यत्व संपवण्यात येत आहे. खाली चौघांची नावं टाइप केलेली होती. लस्कबाईंचंही, त्यांना न विचारता.

पण ते सोमवारचं. त्या शनिवारी मी बाहेर आले तेव्हा लस्कबाई भिंतीच्या आडोशाला टॅक्सीची वाट पाहत उभ्या होत्या. मला वाटलं, शाबासकी देतील.

"मजा आली," त्या म्हणाल्या. "त्या डेझमंडची जिरायलाच हवी होती. माझ्या मुलाला चौथीत त्यानं मठ्ठ ठरवलं होतं."

"जिरली कुठे? तो माणूस उद्या यावरही भाषण देईल."

"देईल की." त्यांनी हातमोजे ओढून घेतले. "पण मी महिनाभर वाट पाहिली गं. वाऱ्याकडे पाठ. नाव चांगलं काढलंस. मला वाटलं, आमच्यासारख्या बायकांचं काही असेल त्यात."

आत बसलेल्या तिघांना मी तुच्छ लेखत होते आणि त्याच हिशेबात चौथी खुर्चीही धरली होती, केकसाठी येणारी म्हणून. ऑर्चिस्टन पुस्तक न वाचता मत देतात. मी या बाईचं एक पानही न उलगडता मत दिलं होतं.

"मी वाचून दाखवीन," मी म्हणाले. "दुसरं काहीतरी. खरं."

"मंगळवारी ये. दुपारी. मी झोपलेली असले तरी दार उघडं असतं."

आता दर मंगळवारी जाते. अर्धवेळ विद्यार्थिनी असण्याचा एवढा एक फायदा. लस्कबाई श्रोत्या म्हणून भयंकर आहेत. ढगांचं वर्णन आलं की "पुढे" म्हणतात. प्रेमाचं आलं की "पुढे". परवा एका नावाजलेल्या कादंबरीची ऐंशी पानं मी तासाभरात ओलांडली, कारण नायक अकराव्या पानापासून त्यांच्या मते बावळट होता. मी म्हटलं, जरा धीर धरा, तो पुढे सुधारतो.

"कशावरून?"

"मी आधी वाचलंय."

"मग तो सुधारतो तिथून वाच," लस्कबाई म्हणाल्या आणि पाय हीटरजवळ सरकवून बसल्या.