आक्काबाईची दुसरी चमकी

नाशिक रोडच्या नोटा छापायच्या प्रेसमध्ये मल्हारीरावांनी चौतीस वर्षं भिंगाखाली धातूवर रेघा कोरल्या. त्यांची एक रेघ कधी चुकली नाही. २००७ साली ते निवृत्त झाले, तेव्हा पुण्याहून लेक रूपालीने जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि त्यात मूर्ती घडवायचं सॉफ्टवेअर घालून दिलं. पडद्यावर मातीचा गोळा यायचा; माऊस फिरवला की फुगायचा, दाबला की खड्डा पडायचा. दोन दिवस शिकवून रूपाली परत गेली.

मल्हारीरावांनी पहिलीच मूर्ती बायकोची करायला घेतली. आक्काबाईंना शेजारी खुर्चीत बसवलं. नाक छान उतरलं. मग त्यांनी डाव्या नाकपुडीवर चमकी काढली, तर उजव्या नाकपुडीवरही एक चमकी आपोआप उगवली.

"हे कुणी काढलं?" मल्हारीराव म्हणाले.

"मला काय विचारता? मी तर हललेसुद्धा नाही," आक्काबाई म्हणाल्या.

त्यांनी उजवीकडची पुसली, तर डावीकडचीही गेली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. आक्काबाई तेवढ्यात कुकर बघायला गेल्या होत्या, आणि चमकी गुमान एकच आली. त्या येऊन बसल्या, आणि कानात कुडी काढताच दुसऱ्या कानातही कुडी!

मल्हारीरावांनी रीतसर वही उघडली. पंखा चालू: एक चमकी. पंखा बंद: एक. आक्का खोलीत: दोन. खुर्चीवर आक्काची नुसती साडी: एक. भिंतीवरचा आरसा चादरीने झाकून, आक्का खोलीत: तरीही दोन.

"सॉफ्टवेअर तुला ओळखतं," त्यांनी निकाल दिला.

"मग चांगलंच आहे की. घरात कुणीतरी ओळखतं."

उपाय म्हणून त्यांनी आक्काबाईंना समोरच्या गच्चीत बसवलं आणि स्वतः खिडकीतून दुर्बिणीने त्यांचं नाक न्याहाळत काम सुरू केलं. चमकी एकच येऊ लागली. मल्हारीराव खूश झाले, पण चौथ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी येऊन हळूच विचारलं, "काका, घरात सगळं ठीक आहे ना? नाही म्हणजे, काकूंवर पाळत ठेवताय, असं लोक बोलतायत."

"पाळत नाही, नाक बघतोय," मल्हारीराव म्हणाले. सेक्रेटरी आणखीच गोंधळून गेले.

दिवाळीला रूपाली आली. आई खुर्चीत बसली, बाबांनी माऊस धरून चमकी काढली, पुन्हा दोन उगवल्या, आणि रूपाली मोठ्याने हसली. "आई, कोपर उचल!"

हनुवटी ताठ राहावी म्हणून आक्काबाई तळहातावर हनुवटी टेकून बसायच्या, आणि त्यांचं कोपर कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात एक्सच्या बटणावर पडायचं. ते बटण दाबलं की दोन्ही बाजू आरशासारख्या सारख्या होतात, हे रूपाली सांगायला विसरली होती.

मल्हारीरावांनी वही चाळली. एकवीस प्रयोग, आणि कोपराचा रकानाच नव्हता. ते खाकरून म्हणाले, "बरं. आता उजवीकडची काढून टाकतो."

"काढू नका," आक्काबाई म्हणाल्या. "एक चमकीवाली मी रोजच बघते. ही बाई मला आवडली."

"अगं, पण ती चूक आहे!"

"कुणाची? माझ्याच कोपराची ना?"

पाडव्याला आक्काबाई लेकीला घेऊन सोनाराकडे गेल्या आणि उजवी नाकपुडी टोचून आल्या. नाक टम्म सुजलं, तीनदा शिंका आल्या, पण त्यांनी तोंडातून हूं की चूं काढलं नाही.

भाऊबीजेला घोटीहून भिमाजीमामा तांदळाचं पोतं घेऊन आले. मामांनी आधी पडद्यावरचं मुंडकं पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे.

"भावजी," ते आदराने म्हणाले, "काय हुबेहूब काढलंय! फक्त सूज राहिली बघा."

मल्हारीरावांनी चष्मा पुसला, माऊस धरला आणि उजवी नाकपुडी जराशी फुगवली.