कारभारींचा थांबा

भिमाजींनी पिशवीतून पुस्तक काढलं, धूळ नसतानाही कव्हर रुमालानं पुसलं आणि साळूबाईंच्या हातात देण्याऐवजी आधी भिंतीवरच्या फोटोखाली ठेवलं. फोटोत साळूबाईंचे यजमान कारभारी बँडच्या लाल कोटात, ट्रंपेट काखेला मारून हसत होते. तेरावा होऊन चारच दिवस झाले होते.

"महिनाभर आधी छापून झालं असतं तर..." भिमाजी म्हणाले.

"बसा, सर. च्या टाकते," साळूबाई म्हणाल्या. "पर आधी दावा, ह्यांचं कुटं हाय त्यात?"

भिमाजी तीस वर्षं शेवगावच्या कॉलेजात ग्रंथपाल होते, आणि तेवढीच वर्षं जॅझवर लिहीत होते. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सच्या गल्ल्यांत मयतीला नि मिरवणुकीला वाजणारे बँड, त्यांतून निघालेलं ते संगीत, वाजवणारे कलावंत आणि त्यांच्यावरून हमरीतुमरीवर येणारे समीक्षक, सगळं त्यांना तोंडपाठ. पण सांगायचं कुणाला? कॉलेजातले लोक तर त्यांना बघून वाट बदलायचे, आता सर अमेरिकेला नेतील म्हणून.

आणि अकरा वर्षांपूर्वी इथं तिसगावातच, एका वरातीत, त्यांनी कारभारींना ऐकलं. घासून गुळगुळीत झालेलं नाचायचं गाणं, पण हा गडी ते मोडत होता, पुन्हा जोडत होता, आणि ऐन वर चढताना एकाएकी थांबला. दोन मात्रा नुसती शांतता. मग सूर असा उतरला की भिमाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी जाऊन त्यांनी एका बैठकीत लेख लिहिला. न वाजवलेला सूर ऐकवणारा वादक, आणि तोही आपल्या पाथर्डी तालुक्यात!

लेख मासिकात छापून आला, फोटोसकट. कारभारींनी तो लॅमिनेट करून बँडच्या गाडीवर लावला. लग्नघरची माणसं "तेवढा थांबा घ्या बरं का" म्हणू लागली. वर्षागणिक थांबा लांबत गेला. दोनाच्या चार मात्रा झाल्या, चाराच्या सहा. भिमाजींनी पुस्तकात लिहिलं, कलावंत पिकत चालला की त्याला सूर कमी लागतात.

तेच पान त्यांनी आता मोठ्यानं वाचून दाखवलं. साळूबाई पदर डोळ्याला लावून ऐकत होत्या.

"लई ग्वाड लिवलंय. ती वरात कंची म्हनता?"

"तुमच्या शेजारच्या अंगदच्या लग्नातली, वहिनी. चौदा साल, डिसेंबर."

"व्हय व्हय, आलं ध्यानात. त्याच थंडीत ह्यांना धाप लागाय लागली."

पान उलटायला उचललेलं भिमाजींचं बोट तसंच राहिलं.

"पान्याची बादली उचलली तरी मटकन बसायचे. वाजवता वाजवता मधीच दम तुटायचा. मी म्हनलं, नगरला जाऊ, छातीच्या डाक्टरला दावू. नंबर लावला हुता. आन् निघायच्या दिशीच पोस्टमननं तुमचं मासिक आनलं." साळूबाई हसल्या. "लेकरागत हसले हो! थोरल्या अजिनाथकडनं तीनदा वाचून घेतलं. म्हनले, आता कशाला दवाखाना? गोळ्यांनी धाप गेली, तर थांबा बी जायाचा. मग सरांना काय त्वांड दावू?"

"मग... दवाखान्यात कधी गेले?"

"गेले की. सात वर्सांनी. तवर छाती निम्मीच ऱ्हायली हुती. डाक्टर म्हनला, आदी आनायचं हुतं." त्यांच्या बोलण्यात कुठंच तक्रार नव्हती. "पर मान मिळाला ना, सर. बेंडवाल्याला कोन इचारतंय? तुमच्यामुळं लोकं त्यांना कलाकार म्हनाय लागली."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भिमाजींना वाटलं. दर वरातीत बोटांवर मात्रा मोजत ते उभे राहायचे. एवढे तयार कान, एवढी पुस्तकं पालथी घातलेली, आणि समोरच्या माणसाला श्वास पुरत नाही हे त्यांना ऐकूच आलं नव्हतं. पुस्तक मांडीवर जड झालं होतं. शेवटी ते त्यांनी मिटून बाजूला ठेवलं.

तेवढ्यात अजिनाथ, कारभारींचा थोरला, बाहेरून आला आणि सरांच्या पाया पडला. आता बँड तोच सांभाळत होता.

"सरांना वाजवून दाव," साळूबाई म्हणाल्या.

"नको, राहू द्या," भिमाजी म्हणेपर्यंत अजिनाथनं बापाचा ट्रंपेट ओठाला लावलाही. तेच वरातीचं गाणं. सूर वर वर चढत गेला आणि तिथंच तुटला. एक मात्रा, दोन, तीन, चार. भिमाजी ताडकन उठले आणि त्यांनी अजिनाथच्या पाठीवर तळहात दाबून धरला.

"दम लागला?"

अजिनाथ बावरला. "न्हाई वो, सर. मुद्दाम थांबलो. आप्पांचा थांबा. बरुबर जमला न्हाई का?"

"पुस्तकात चुकलंय, अजिनाथ," भिमाजी म्हणाले. "माझं चुकलंय. तिथं थांबायचं नाही. सरळ वाजव."

"आसं नका म्हनू, सर," साळूबाई हळूच म्हणाल्या. "तेवढंच तर ऱ्हायलंय त्यांचं."

अजिनाथनं एकदा सरांकडं पाहिलं, एकदा आईकडं, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. त्या जागेवर आला आणि थांबला. साळूबाईंनी डोळे मिटून घेतले. भिमाजींचा हात त्याच्या पाठीवरच होता. या वेळी त्यांनी मात्रा मोजल्या नाहीत. हाताखाली पाठ हलतेय ना, तेवढंच ते बघत राहिले.