दोन बोटं मागं

मी तार बोलतेय. कुंपणाची नाही, विजेचीही नाही. रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राची नळी मानेच्या शिरेत घालतात ना, तिच्याआधी आत जाऊन वाट दाखवणारी मी. शीर फाटू नये म्हणून माझं टोक आकड्यासारखं वळवलेलं आहे. कारखान्यानं मला एकदाच वापरायला घडवलं.

घाटनांदूरजवळच्या एका छोट्या दवाखान्यात आठ महिने कपाटात पडून होते. बाहेर दुष्काळ होता. एका दुपारी आश्रुबाला आणलं आणि माझं पाकीट फाडलं.

मांड्यांपासून पाठीपर्यंत तो काळानिळा झाला होता. लघवी बंद. त्याचा थोरला भाऊ धोंडीराम, गावच्या सोसायटीचा चेअरमन, म्हणाला, मोटारसायकलवरून पडला. अंगावरचे वळ पाहून डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं. तेव्हा आश्रुबाची बायको शिवकन्या पुढं आली.

"भाऊजींनीच मारलंय, बाई. काठी मोडली तर दुसरी घेतली."

सोसायटीचा पाण्याचा टँकर धोंडीराम आपल्या मोसंबीच्या बागेकडं वळवत होता. आश्रुबा आडवा आला. धोंडीरामच्या दोन माणसांनी त्याला धरलं आणि ह्यानं बडवलं. मग लई वाईट वाटलं म्हणे. दोन दिवस त्याच बागेतला रस आणि शहाळ्याचं पाणी स्वतःच्या हातानं पाजत बसला होता.

डॉक्टरबाई हबकल्या. ठेचलेल्या मांसाचं विष रक्तात उतरून मूत्रपिंडं बंद पडली होती. अशा माणसाला तो रस आणि शहाळं म्हणजे हृदयावर आणखी घाव; त्यातलं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर पडत नाही आणि हृदय बंद पाडतं. अंबाजोगाईचा मोठा दवाखाना गाठेपर्यंत तो जगला नसता.

आत जाताना मला पडद्यावर दाखवणारं एक्स-रे यंत्र तिथं नव्हतं. बाईंनी नळी छातीवर ठेवून लांबी मोजली, सोनोग्राफीनं शीर शोधली आणि मला आत सोडलं. एक डोळा हृदयाच्या ठोक्यांच्या पडद्यावर.

बाहेर धोंडीराम गरजत होता, "माझ्या भावाला काय झालं तर दवाखाना ठिवणार न्हाई." त्याच्या माणसांनी दार लाथाडलं. खिडकीची काच फुटून दगड आत आला. त्याच क्षणी माझं टोक हृदयाला लागलं आणि ठोके वेडेवाकडे उड्या मारू लागले. मला तर वाटलं, मीच मारलं ह्याला.

बाईंनी मला दोन बोटं मागं घेतलं. ठोके सरळ झाले. त्यांच्या हाताला काच लागून रक्त येत होतं, पण मला सोडलं नाही. मी आत निसटले असते तर आश्रुबा गेलाच असता. माझ्यावरून नळी सरकली, मग मला बाहेर काढलं. यंत्र फिरू लागलं.

आता मी कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात आहे, वाळलेल्या रक्तानं माखलेली. उद्या नेऊन वितळवतील. माझी तक्रार नाही.

संध्याकाळी आश्रुबानं डोळे उघडले. धोंडीराम खाली मान घालून आत आला आणि त्याच्या कपाळाला हात लावायला वाकला. आश्रुबानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मारू नको, दादा."

धोंडीरामचा हात तसाच वर राहिला. माणसांनो, माझं टोक नुसतं लागलं तर ते हृदय ओरडलं आणि बाईंनी ऐकलं. टँकरपाशी हा आश्रुबा तोंडानं ओरडत होता.