निम्म्या भावातलं कडं

अहिल्याबाईंनी फिरोजा जडवलेलं चांदीचं कडं मनगटातून उतरवलं, परत फडक्यावर ठेवलं आणि अरुणला म्हणाल्या,

"विचार तिला, निम्म्यात देते का. नाही तर चाललो म्हणावं."

अरुणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अमेरिकेतल्या सांता फेच्या चौकातल्या लांबलचक ओसरीत आदिवासी कारागीर आपण घडवलेले दागिने मांडून बसले होते. मातीच्या रंगाचं हे जुनंपुराणं गाव, वाळवंटातलं, पाहुण्यांच्या जिवावर जगणारं. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या घरून इतक्या लांब आईला आणायचं ते काय घासाघीस करायला?

"आईला फार आवडलंय," तो त्या बाईला इंग्रजीत म्हणाला. बाईने हसून मान डोलावली. आईची पाठ वळताच त्याने पुरती किंमत चुकती केली.

"दिलं गं निम्म्यात."

"लगेच?"

आई खूश होईल असं त्याला वाटलं होतं. पण चर्च पाहताना ती हातातलं कडं नुसती फिरवत होती, चित्रांच्या दुकानांतही तेच. जेवायला बसल्यावर तिने ताट बाजूला सारलं.

"एका शब्दात निम्म्यावर कोण येतं रे? घरी काही तरी अडलं असणार तिचं. मी मेलीने तिच्या पोटावर पाय दिला."

खरं सांगायची हीच वेळ होती. अरुण पाण्याचा ग्लास फिरवत राहिला, तोवर आई उठून चालायलाही लागली.

ओसरीत जाऊन तिने कडं त्या बाईपुढे ठेवलं आणि हात जोडले. वस्तू पसंत पडली नसावी, असं समजून बाईने डब्यातून अरुणने दिलेल्या नोटा काढल्या आणि सगळ्या आईपुढे धरल्या.

आईने नोटांकडे पाहिलं, मग अरुणकडे. नोटा हलकेच मागे लोटून तिने कडं पुन्हा हातात चढवलं.

"सॉरी आई. मला ऑकवर्ड वाटत होतं म्हणून..."

"मला का स्वस्तात हवं होतं?" ती चालता चालता म्हणाली. "चार महिने झाले अमेरिकेत येऊन, तू आणि सूनबाई सोडून कोणाशी बोलले मी? ती नाही म्हणाली असती, मी उठले असते, तिने हाक मारली असती. तेवढंच बसणं झालं असतं तिच्यापाशी."

अरुणने मागे वळून पाहिलं. बाई फडकं आवरत होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकांचं फ्रीमाँटला परतायचं विमान होतं.